पेटी तेवढी सोडून

माझ्या नवऱ्याच्या मते माणसाला जगायला एक पेटी पुरते. त्यांचा उभा जन्म जहाजांवर, इंजिन रूममध्ये फिटर म्हणून गेला, त्यामुळे त्यांचं हे मत अनुभवाचं आहे, माझ्यासारखं भांडणात सुचलेलं नाही. पेटी पत्र्याची, हिरव्या ऑइलपेंटची, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव. पुढे चाकांच्या बॅगा आल्या आणि गेल्या, ह्यांनी पेटी बदलली नाही, घरी आले की ती खाटेखाली. आत एक बॉयलर सूट, दाढीचं सामान, पाने, हातोडा, ड्रिल मशीन आणि घडी घातलेली एक चादर. निवृत्त होऊन कायमचे घरी आले तरी ती भरलेलीच. मी एकदा विचारलं, "आता कुठं जायचंय?" म्हणाले, "कुठं नाय. पन असूंदे."

मला एका पेटीत मावणं कधी जमलं नाही. रत्नागिरीच्या बाहेर, कातळावर आमचं घर आहे. मागचा भाग चिऱ्याचा आणि कौलांचा, पुढचा स्लॅबचा. स्लॅब टाकला तेव्हा ते कुठल्याशा बंदरात होते आणि मी गवंड्यांच्या डोक्यावर उभी होते. विहिरीचा पंप, लाइटचं मीटर, मुलाची शाळा, सासऱ्यांचं आजारपण, सगळं माझ्या हातून गेलं. त्यांना आपल्याच घरात साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला ते अजून सांगावं लागतं. दोन्ही डबे सारखे आहेत हे मान्य, पण म्हणून काय झालं?

मे महिन्यात मुलगा पनवेलहून बायकामुलांना घेऊन आला, आंबे खाऊन गेला, आणि जाता जाता बापलेकांचं ठरलं की घर विकायचं. आम्ही दोघांनी पनवेलला त्याच्याकडे जायचं. तिथं लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, बागेत म्हातारी माणसं सकाळी मोठ्याने हसतात म्हणे. मुलाचं काही चुकलं नव्हतं. सूनही चांगली आहे. ह्यांचं म्हणणं, "हितं बसून मी काय करू? समुद्र बघू? तो बगून झाला."

मला घर सोडायचं नव्हतं. एवढं एकच वाक्य होतं, आणि ते माझ्या तोंडून बाहेर पडेना. पोराकडे जायला नको म्हणावं तर सुनेवर बालंट येणार. वाडीत लगेच कुजबुज, की सासू-सुनेचं पटत नाही वाटतं. आपलेच दात नि आपलेच ओठ. मी गप्प बसले. म्हणजे तोंडाने. हातापायांना गप्प बसायची सवय नाही, आणि त्या दिवसापासून तर मला घडीभर एका जागी बसवेना. ताटावरून उठावं, काहीतरी उचलून पुसावं, परत तिथंच ठेवावं, पुन्हा ताटावर यावं, तोवर भात गार.

ह्यांनी आवराआवर सुरू केली. जहाज सोडताना खोली रिकामी करून देतात तशी. भंगारवाल्याचा टेम्पो दर आठवड्याला आमच्या वाडीत येतो, वर भोंगा लावलेला. ह्यांनी त्याला फाटकाशी थांबवलं आणि पितळी घंगाळ बाहेर काढून ठेवलं. बूड चेमटलेलं, एका बाजूला चीर गेलेली, वापरात नव्हतंच. तरी मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले.

"ते द्यायचं नाही."

"काय करनार हायस त्याचं?"

मला काय करायचं होतं ते मला तरी कुठं ठाऊक होतं? तोंडाला येईल ते बोलले. "कुंडी करणार आहे."

बोलले ते करणं आलं. आमच्या कातळात कुदळ मारली तर ठिणगी निघते. जे काही लावायचं ते बाहेरून माती आणून कुंडीतच लावायचं, तेव्हा कुंडी म्हटल्यावर कुणाला खोटं वाटणार नव्हतं. घंगाळात माती भरली, शेवंती लावली, पायरीशी ठेवलं. पाऊस सुरू झाला आणि आठवड्यात शेवंतीची मुळं कुजली, कारण घंगाळाची चीर होती वरती, खाली बूड चेमटलेलं तरी अखंड, पाणी जाणार कुठून? मी ह्यांना म्हटलं, जरा ड्रिल मारून खाली भोक पाडून द्या. ह्यांनी पेपर खाली ठेवला.

"जहाजाला भोक पडू नये म्हनून जन्मभर घाम गाळला मी. आता तू घरातल्या भांड्यांना भोकं पाडायला सांगतेस?"

"भोकाशिवाय कुंडी होत नाही."

"मग करू नको. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं चाललंय तुझं." आणि पेपर उचलता उचलता म्हणाले, "पेटी तेवढी सोडून काय तो धुडगूस घाल. पेटीला हात लावलास तर बघ."

ड्रिल पेटीत, हातोडा पेटीत. मी मोठा खिळा घेतला आणि पाट्यावरचा वरवंटा. घंगाळ पालथं घातलं आणि ठोकत बसले. दर ठोक्याला आतून खोकल्याचा आवाज येत होता. भोक पडलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी आणखी तीन पाडली.

पण त्याचा उपयोग झाला नाही. मी मासे आणायला बाजारात गेले होते, परत येऊन बघते तर शेवंतीचं नवं रोप मातीच्या गड्ड्यासकट पायरीवर नीट काढून ठेवलेलं आणि घंगाळ गायब. भंगारवाला येऊन गेला होता. ह्यांचं म्हणणं, "झाड ठेवलंय ना? झाड कुठं दिलं?" मला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. सुरमई तशीच पिशवीत ठेवून मी विहिरीकडे जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून तुळशीला पाणी घालताना वृंदावनाच्या बुडाशी बारकी बारकी रोपं दिसली. मंजिऱ्या झडतात, पावसात रोपं उठतात, दरवर्षीचंच आहे. मी ती शेजारणींना वाटते. त्या दिवशी मात्र त्यांच्याकडे बघताना डोक्यात वेगळंच आलं, आणि मी हात धुवायच्या आत न्हाणीघराकडे पळाले. तिथं तांब्याचा बंब होता, आतली नळी गळणारा. त्याला खाली खिळ्याने भोकं पाडली, माती भरली आणि मधोमध तुळस लावली.

भंगारवाला आला. ह्यांनी बंबाकडे बोट दाखवलं. तांबं बघून त्याचे डोळे चमकले, पण जवळ येऊन तो थबकला.

"काका, तुळस हाय यात."

"रोप काढून ठेव बाजूला."

"मी नाय काढनार. दुसरं काय तरी द्या." त्याने बंबाला लांबूनच हात जोडले आणि टेम्पो वळवला.

हे माझ्याकडे बघत राहिले. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. "ही लबाडी हाय," ते म्हणाले.

"कसली?"

"तुलाच ठाव."

त्यांनाही ते रोप काढवलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं. जहाजावर फोन मिळाला की ह्यांचा पहिला प्रश्न, "दिवा लावलास तुळशीत?" बाकी सगळं नंतर, मुलगा पास की नापास तेसुद्धा. असा माणूस उपटणार आहे तुळस?

मग मला धरबंद राहिला नाही. चहाची मोठी ॲल्युमिनियमची किटली, तळ पातळ झालेली, तिच्यात तुळस. शिट्टी न होणारा कुकर, त्याच्यात तुळस. वॉशिंग मशीन कामातून गेलं त्याचा स्टीलचा ड्रम, त्याला तर भोकं कंपनीनेच पाडलेली. मुलाचं कॉलेजातलं हेल्मेट दोरीने ओटीच्या वाशाला उलटं टांगलं. टीव्हीची गंजलेली छत्री रंगवून पाखरांना पाणी ठेवायला केली, तिच्या कडेनेही रोपं. तांदूळ धुवायच्या रोवळ्यांच्या तळाला बल्ब अडकवून ओटीवर दिवे केले, मासेमारीच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा खिडकीवर सोडून त्यात रंगीत बाटल्या गुंफल्या. दिवसभर माझी नखं मातीने भरलेली. घरात शिरले की काय उरलंय ते बघायचे आणि उरलेलं भंगारात जायच्या आत त्यात तुळस लावायचे. थांबायला भीती वाटायची. थांबले की पनवेल डोळ्यांपुढे यायचं.

ह्यांचे हाल झाले. आंघोळ झाली की तुळशीला हात जोडायचे हा नेम. आधी एका वृंदावनाशी काम भागायचं, आता किटलीपासून सुरुवात करून फाटकापर्यंत फेरी. एक दिवस हेल्मेटला हात जोडताना शेजारच्या वैनीने बघितलं आणि कुंपणावरून ओरडली, "काका, गाडी घेतलीत काय नवी?" ते चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मला म्हणाले, "एका घराला एक तुळस असते." मी म्हटलं, "मग त्या तुळशींना सांगा तसं." त्यांनी कुणाकडे बघायचं ते न कळून आभाळाकडे बघितलं.

नवरात्र झाल्यावर एजंट आला. मोबाइल काढून फोटो काढू लागला. मी मनात म्हटलं, काढ बाबा, हा पसारा बघून कोण घेणार आहे घर? पसाऱ्यासकट घर कोण विकत घेतं? उलट मी मुद्दाम एक जुना कंदील मध्ये आणून ठेवला.

आठवड्यात पुण्याहून नवराबायको आली. बाई गाडीतून उतरली ती फाटकातच थांबली आणि तिने दोन्ही हात छातीशी नेले. "अगं बाई, फोटोत होतं तस्संच आहे!" ती कुकरपाशी वाकली, छत्रीपाशी वाकली, हेल्मेटखाली उभी राहून तिने नवऱ्याकडून फोटो काढून घेतला. म्हणाली, "आम्ही दहा घरं बघितली, पण असं प्रसन्न कुठं वाटलं नाही. काकू, हे सगळं असंच ठेवायचं हं. काहीच नेऊ नका." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तिथंच पायरीवर बसले.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही राहणार कायमचे?"

"छे हो, मे महिन्यात आणि दिवाळीत. मधूनमधून शनिवार-रविवार."

"मग पाणी?"

"ठिबक करून घेऊ."

"आणि दिवा कोण लावणार? एवढ्या तुळशी आहेत."

"सोलर बसवू ना! संध्याकाळ झाली की आपोआप लागतात."

ह्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सोय चांगली हाय." बाईचा नवरा म्हणाला, तुळशीची लग्नं उरकली की येतो आणि बयाणा देतो. गाडी गेली. हे मुलाला फोन लावून मोठमोठ्याने बोलू लागले. मी किटलीतल्या तुळशीजवळ गेले, तिची दोन पानं पिवळी झाली होती, ती खुडायला हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण तिन्हीसांज झाली होती. झाडं झोपतात तेव्हा त्यांना हात लावू नये. मला तेव्हा कळलं की मी हरले. घर तर गेलंच, आणि वर ह्या एवढ्या जणी मी अशा घरात जन्माला घातल्या की जिथं त्यांना पाणी घालायला माणूस नसणार.

घर वाचवता आलं नाही, तर निदान त्यांची सोय लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत फिरून आले. दारोदार सांगितलं, ह्या वेळी तुळशीचं लग्न आमच्या अंगणात, खळ्यात आहे, सगळ्या जणी या, आणि ज्यांच्याकडे तुळस नाही किंवा वाळली आहे त्यांनी रिकाम्या हाताने जायचं नाही. शेजारची वैनी म्हणाली, "म्हंजे काय, पोरी वाटतेस की काय काकी?"

"लग्न झाल्यावर मुलगी सासरीच जाते ना?" मी म्हटलं.

लग्नाच्या दिवशी खळं सारवलं, वृंदावन रंगवलं, ऊस उभा केला, चिंच-आवळे ठेवले. सगळ्या कुंड्या वृंदावनाभोवती मांडल्या आणि प्रत्येकीपुढे पणती. दरवर्षी ह्या दिवशी हे पाण्यावर असायचे, अंतरपाट शेजारचे काका धरायचे. ह्या वेळी घरचा माणूस घरी होता, म्हणून भटजींनी अंतरपाटाचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, चुरमुरे वाटले. मग मी एकेक कुंडी उचलून द्यायला लागले.

मुलगी देताना आई सांगतेच, हिला असं लागतं, हिला तसं लागत नाही. माझ्या तोंडून तेच यायला लागलं. ड्रम देताना म्हटलं, हिच्या खाली फरशी ठेवा, चहूकडून गळते. बंब देताना म्हटलं, "हा तापला की फार वेळ तापलेला राहतो, उन्हाळ्यात सावलीत ठेवा. मुलाला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा महिनाभर ह्यातच कडुलिंबाचं पाणी तापवलं होतं." हे बाजूला अंतरपाटाची घडी घालत होते. म्हणाले, "कधी आलेल्या कांजिन्या?"

"तुम्ही ब्राझीलला होतात तेव्हा."

किटली दिली. "हिची दांडी सैल आहे, धरून उचला. स्लॅब टाकला त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत गवंड्यांना हिनेच चहा पाजला." हेल्मेट दिलं. त्याला मागे एक खोच होती. ह्यांनी खोचेवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "भाट्याच्या पुलावर पडला होता. फक्त खरचटलं. तुम्हाला कशाला सांगायचं एवढ्या लांब?"

मग कुकर उचलला. शेजारच्या वैनीला दिला आणि म्हटलं, "हिचं बूड काळं आहे. घासत बसू नको, जात नाही."

"का काळं?" हे ह्यांनी विचारलं.

चार बायका उभ्या होत्या. पण विचारलं तर सांगायला हवं. "मामंजी गेले त्या दिवशी भात लावला होता. तशीच धावले आतल्या खोलीत. गॅस बंद करायचं कुणाला सुचलं नाही."

ह्यांनी कुकर वैनीच्या हातातून घेतला, तुळस सांभाळून तिरका केला आणि खालून बघितला. त्यांना वडील गेल्याचा निरोप जहाजावर पोचला तेव्हा इथं दहावंही होऊन गेलं होतं. भाताबद्दल अर्थातच कुणी कळवलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरला. मग वैनीला परत दिला आणि म्हणाले, "पानी जास्ती नको घालू हिला." तुळशीच्या बाबतीत त्यांनी आयुष्यात दिलेला तो पहिला सल्ला.

खळं रिकामं झालं. नुसतं वृंदावन राहिलं, आणि सारवणावर कुंड्यांचे गोल डाग. मला खूप रडायचं होतं, पण बायकांनी चुरमुरे फार सांडले होते, ते झाडायला लागले.

त्यानंतर चारच दिवसांनी पुण्याची गाडी आली. बाई फाटकात थांबली आणि ह्या खेपेस तिचे हात खालीच राहिले. "काकू, ते सगळं कुठं गेलं?"

"लग्नं झाली," मी म्हटलं. "सासरी गेल्या."

तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. ती घराच्या मागे जाऊन आली, ओटीवर बघून आली. जाळं आणि रोवळ्यांचे दिवे होते, पण त्याने तिचं समाधान होईना. रिकाम्या खळ्यात उभं राहिल्यावर तिला घर दिसलं असावं. कौलांची एक बाजू खचलेली, स्लॅबला ओल, आणि सगळीकडे कातळ. नवराबायको गाडीजवळ जाऊन हळू आवाजात बोलली. मग तो म्हणाला, "विचार करून कळवतो." विचार करून कळवतो म्हणजे काय ते रत्नागिरीत आणि पुण्यात सारखंच आहे.

मला वाटलं आता माझं काही खरं नाही. हे सरळ आत गेले. खाटेखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, पत्र्याचा, फरशीवर. एकटेच निघाले की काय पनवेलला, असं मनात येऊन गेलं, इतके त्या महिन्यांत माझ्या डोक्याचे तुकडे झाले होते.

ते पेटी घेऊन खळ्यात आले. झाकण उघडलं आणि आतलं सगळं ओटीवर काढून ठेवलं. बॉयलर सूट, दाढीचं सामान, पाने, चादर. शेवटी ड्रिल मशीन. वायर ओढून आतल्या बोर्डात लावली. मग पेटी उचलून वृंदावनाशेजारी, कुकर होता त्या डागावर, पालथी घातली. झाकणावरचं नाव खाली मातीत गेलं. उकिडवे बसले, तळावर पेन्सिलने एक फुली मारली आणि वर न बघताच म्हणाले, "गो, किती पाडू?"

मी पदराला हात पुसत जवळ गेले.

"भरपूर पाडा," मी म्हटलं. "परत तरंगता कामा नये."